लढाईची जखम कोणत्या पानावर?



आजचा विषय लढाईचं चित्र आणि त्याची दुरुस्ती असा आहे. बीडमध्ये बसून इटलीतल्या चित्रांविषयी कशाला बोलायचं, असं कुणी विचारलं तर आमचं उत्तर असं की आम्ही इटलीपासून सुरुवात करणार आहोत, पण पोचणार आहोत अहमदनगरच्या निजामशाहीत आणि तिथून आपल्या किल्ले धारूरला. बीड हा त्याच निजामशाहीचा मुलूख. आपली खजाना बावडी मुर्तझा निजामशहाच्या काळात सलाबतखानानं बांधली हे इथं शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. त्या मुर्तझाच्या आईबापाची एक चित्रांची पोथी पुण्यात आहे, आणि तिच्यात एका फार मोठ्या लढाईची चित्रं आहेत. आज जे म्हणायचंय ते तिच्याविषयी आहे.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळं चित्रासमोर उभं राहिलं की रंगाइतकाच एक प्रश्न आम्हाला सतावतो. चित्र दुरुस्त करायचं म्हणजे त्याला कोणत्या दिवसाकडं परत न्यायचं? ते पुरं झालं त्या दिवसाकडं? की पुढं शंभर वर्षांनी ते जसं होतं त्या दिवसाकडं? आपल्याकडं याला जीर्णोद्धार म्हणतात. शब्द फार चांगला आहे. जे जीर्ण झालं त्याचा उद्धार. पण नेमकं जीर्ण काय झालं आणि उद्धार कुणाचा, हे ठरवल्याशिवाय कामाला हात घातला की घोटाळा होतो. गावोगावच्या देवळांत जुन्या दगडी खांबांवर ऑइल पेंट फासलेला आपण बघतोच की.

आता इटलीकडं जाऊ. १ जून १४३२ ला फ्लोरेन्स आणि सिएना या दोन नगरराज्यांच्या फौजांमध्ये सान रोमानो इथं लढाई झाली. ती फारशी निर्णायक नव्हती, पण फ्लोरेन्सनं ती आपला विजय म्हणून मिरवली. पुढं पाच-सात वर्षांनी पाओलो उच्चेल्लो या चित्रकारानं तिच्यावर तीन मोठे फलक रंगवले. लाकडावर रंगवलेला एकेक फलक साधारण सहा फूट उंच आणि साडेदहा फूट रुंद. आज एक फ्लोरेन्सच्या उफ्फिझी संग्रहालयात आहे, एक लंडनच्या नॅशनल गॅलरीत आणि एक पॅरिसच्या लूव्रमध्ये. एका लढाईचे तीन तुकडे तीन देशांत.

उच्चेल्लोला यथार्थदर्शनाचं, म्हणजे दूरचं लहान आणि जवळचं मोठं दाखवण्याच्या शास्त्राचं, वेड होतं. म्हणून लंडनच्या फलकात जमिनीवर मोडून पडलेले भालेसुद्धा एखाद्या भूमितीच्या वहीतल्या रेघांसारखे शिस्तीत पडलेत. एक मेलेला शिपाई लहानसा, पाय आपल्याकडं करून पालथा पडलाय. सेनापती तोलेंतिनो पांढऱ्या घोड्यावर आहे, आणि त्याच्या डोक्यावर शिरस्त्राण नाही, भलीमोठी लाल-सोनेरी टोपी आहे. मागं गुलाबाचं कुंपण आणि संत्र्याची झाडं. उफ्फिझीतल्या फलकात पुढं माणसं घोड्यांवरून पडताहेत आणि मागच्या टेकड्यांवर कुत्री सशांच्या मागं धावताहेत. लढाई चाललीय आणि शिकारही चाललीय. घोडे लाकडी खेळण्यांसारखे वाटतात, रक्त जवळजवळ नाहीच. लढाई नंतर आठवताना जशी सजते तशी ती इथं सजलेली आहे.

ही चित्रं आधी होती लिओनार्दो बार्तोलिनी सालिम्बेनी नावाच्या बड्या गृहस्थाच्या घरात. तो त्या युद्धाच्या कारभारात होता. त्याच्या मृत्यूनंतर ती दोन मुलांकडं आली. फ्लोरेन्सचा त्या वेळचा सर्वेसर्वा लोरेंझो दे मेदिची याला ती हवी होती. एका भावानं मान तुकवली, दुसऱ्यानं, दामियानोनं, नकार दिला. तेव्हा लोरेंझोनं माणसं पाठवून चित्रं उचलून नेली. मेदिची घराण्याची सत्ता गेल्यावर, १४९५ मध्ये, दामियानोनं फिर्याद केली. चित्रं त्याला परत मिळाली नाहीत.

इथं ऐकण्यासारखी गोष्ट पुढं आहे. ही चित्रं मुळात वरून कमानदार होती, घराच्या कमानीत बसतील अशी. नंतर वरचा भाग कापला आणि रिकामे कोपरे लाकडाचे तुकडे जोडून, रंगवून भरले, म्हणजे चित्र सरळ चौकोनी झालं. आज आपण पुस्तकात जो आयत बघतो तो उच्चेल्लोनं रंगवलेला आकार नाही. ती दुसऱ्या घराच्या भिंतीची गरज आहे.

दुसरी गोष्ट चांदीची. उच्चेल्लोनं चिलखतांवर खरा चांदीचा वर्ख लावला होता. दिव्याच्या उजेडात ते घोडेस्वार कसे लखलखले असतील याची कल्पना करा. पण चांदी काळी पडते, घासली की निघून जाते. आज बऱ्याच चिलखतांचा रंग काळपट, मातकट दिसतो. उफ्फिझीतल्या फलकाची साफसफाई आणि दुरुस्ती २०१२ मध्ये पुरी झाली. मळ गेला, रंग उजळले. पण गेलेली चांदी परत आली नाही, आणि नवा वर्ख लावून चिलखतं चमकवण्याचा उद्योग कुणी केला नाही. हा संयम लक्षात ठेवा, पुढं आपल्याला तो लागणार आहे.

फ्लोरेन्समध्येच दुसरी एक लढाई आहे आणि ती कुणाला दिसत नाही. नगरसभेच्या मोठ्या दालनात लिओनार्दो दा विंचीनं १५०३ च्या सुमारास अंगियारीच्या लढाईचं चित्र करायला घेतलं आणि ते अर्धवट सुटलं. पुढं १५६० च्या दशकात त्याच दालनाच्या भिंतींवर जॉर्जो वाझारीनं आपली मोठी लढाईची चित्रं रंगवली. वाझारीच्या एका चित्रात हिरव्या निशाणावर बारीक अक्षरांत दोन शब्द आहेत, त्यांचा अर्थ ‘शोध, सापडेल’. झालं, लोकांना वाटलं की आतल्या भिंतीवर लिओनार्दो शाबूत आहे. २०११-१२ मध्ये वाझारीच्या चित्राला बारीक भोकं पाडून आत नळी घातली गेली. मग गदारोळ झाला. संवर्धकांनी विचारलं, न दिसणाऱ्या चित्रासाठी दिसणाऱ्या चित्राला भोकं का पाडता? काम थांबलं. २०२० मध्ये तर काही अभ्यासकांनी जाहीर केलं की लिओनार्दोनं त्या भिंतीवर रंग लावलाच नव्हता.

आम्हाला या प्रकरणात सापडलं काय यापेक्षा भोकं पाडण्यामागची ओढ महत्त्वाची वाटते. जे खाली आहे ते खरं, जे वर आहे ते नुसतं आवरण, अशी ती ओढ. वेदान्ताच्या देशात आपल्याला ती ओळखीची आहे. पण चित्राच्या बाबतीत वरचा थरही कुणा माणसाच्या हातचा असतो. त्याला माया म्हणून खरवडता येत नाही.

याच पेचावर चेझारे ब्रांडी या इटालियन विचारवंतानं १९६३ मध्ये एक ग्रंथ लिहिला. १९३९ मध्ये रोमला संवर्धनाची मध्यवर्ती संस्था निघाली, तिचा तो पहिला संचालक. त्याचं म्हणणं आपल्या भाषेत असं सांगता येईल. कलाकृतीच्या दोन मागण्या असतात. एक सौंदर्याची, मला माझ्या पूर्ण रूपात बघा. दुसरी इतिहासाची, माझ्यावर जे घडलं ते लपवू नका. दोन्ही ऐकायच्या. म्हणून ब्रांडीच्या परंपरेत चित्राचा गेलेला तुकडा बारीक उभ्या रेघांनी भरतात. चार पावलं लांबून बघितलं तर चित्र अखंड दिसतं, जवळ गेलं की कळतं, हा भाग मूळचा नाही, मागाहून भरलाय. दुरुस्तीनं खोटं बोलायचं नाही हा त्यातला धर्म.

आता ही इटालियन मंडळी आपल्या मराठवाड्यातही येऊन गेली हे सांगायला हवं. बीड काय नि अजिंठा काय, दोन्ही तेव्हा हैदराबाद संस्थानात. निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी होते. संस्थाननं १९२० मध्ये लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोघा इटालियन तज्ज्ञांना अजिंठ्याला आणलं. भिंतीवरचा गिलावा सुटत होता, चित्रं पोपड्यांसारखी गळत होती. त्यांनी सुटलेले भाग भिंतीला पुन्हा धरून बसवले. हे काम नसतं झालं तर आज आपण जे बघतो त्यातलं बरंच खाली पडून मातीत गेलं असतं. पण त्यांनी वर लाखेचं रोगण दिलं. ते हळूहळू पिवळं पडलं, त्यावर धूळ बसली, आणि चित्रं अंधारली. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये अजिंठा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडं आलं आणि तो थर काढण्याचं नाजूक काम त्यांच्या रसायनज्ञांच्या वाट्याला आलं. सतराव्या लेण्यात सिंहल अवदानाची भिंत आहे, हत्ती-घोडे घेऊन सिंहल लढायला चाललाय. त्या लढाईवर दीड हजार वर्षांचा काळ आणि विसाव्या शतकातली माया, असे दोन्ही थर बसले. लाख देणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं.

म्हणजे आतापर्यंत तीन थर झाले. उच्चेल्लोच्या फलकाचे जोडलेले कोपरे, ती बळजबरीची खूण. वाझारीची भिंत, तो दुसऱ्या कलावंताचा थर. अजिंठ्याची लाख, ती काळजीची खूण. आता चौथ्या थराकडं जाऊ, म्हणजे पुण्याला.

पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये राजवाडे आणि मेहेंदळे यांनी स्थापलं. मराठ्यांच्या इतिहासाच्या कागदांसाठी आपण ते ओळखतो. तिथं ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ ही फारसी पोथी आहे. अफ्ताबी नावाच्या कवीनं हुसेन निजामशहाच्या स्तुतीसाठी लिहिलेलं हे काव्य. १५६५ ते १५६९ या चार वर्षांतलं. १९८७ मध्ये मंडळानं गो. त्र्यं. कुलकर्णी आणि म. श्री. माटे यांच्याकडून ते संपादून चित्रांसह छापलं. पोथीत आज बारा चित्रं आहेत. दख्खनी चित्रकलेचे जे अगदी जुने नमुने उरलेत त्यांत त्यांची गणना होते. काळ बघा. वाझारी फ्लोरेन्सच्या भिंतीवर लढाया रंगवत होता, त्याच वर्षांत अहमदनगरचा कुणी अनाम चितारी कागदावर लढाई रंगवत होता.

कोणती लढाई? आपण जिला तालिकोटची म्हणतो, कुणी राक्षसतागडीची म्हणतं, ती. २३ जानेवारी १५६५, कृष्णेच्या पलीकडचा मुलूख. एका बाजूला विजयनगरचा रामराया, दुसऱ्या बाजूला अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा आणि बीदर. मधल्या फळीत हुसेन निजामशहा आणि त्याचा तोफखाना. तोफांत तांब्याची नाणी भरून उडवली असं फिरिश्ता लिहितो. अहमदनगरला तोफा ओतण्याची मोठी विद्या होती. विजापूरच्या बुरुजावरची मुलूख-ए-मैदान १५४९ मध्ये अहमदनगरलाच ओतलेली. रामराया पकडला गेला आणि हुसेनशहाच्या हुकमानं त्याचं शिर उतरवलं.

या लढाईला आज धर्मयुद्धाचा रंग देण्याची फार घाई असते, दोन्ही बाजूंनी. पण त्याआधीच्या सहा-सात वर्षांत काय चाललं होतं? विजापूरचा अली आदिलशहा आणि रामराया हे दोघं मिळून अहमदनगरवर चालून आले होते. अली आदिलशहाला रामरायानं मुलासारखं मानलं होतं असं फिरिश्ता सांगतो. मग ही जोडी फुटली आणि नवी जोडी जमली. ती जमवताना सोयरीक झाली. हुसेन निजामशहाची मुलगी अली आदिलशहाला दिली आणि सोलापूरचा किल्ला आंदण गेला. ती मुलगी म्हणजे चांदबीबी. तिला आपण सगळे ओळखतो. तिच्या आईला मात्र आपण ओळखत नाही. तिचं नाव खुंजा हुमायूं.

आता पोथी उघडू. अफ्ताबीच्या काव्याचा क्रम मोठा बोलका आहे. आधी स्तुती, शहराचं नि बागेचं वर्णन, मग राणीच्या रूपाचं वर्णन, लग्नसोहळा, आणि मग लढाई. चित्रंही तशीच. पहिला ओघ घरातला, दुसरा रणातला. घरातल्या चित्रांत वर सोनेरी आकाश आहे, ते इराणी पद्धतीचं. पण खालच्या बायका इराणी नाहीत. आखूड चोळ्या, लांब वेण्या, वेण्यांना गोंडे. एका चित्रात स्त्रीच्या स्पर्शानं झाड फुलतंय. संस्कृत काव्यातलं हे दोहद, ज्यातून आपला ‘डोहाळे’ शब्द आला. फारसी काव्याच्या पोथीत दोहद! चितारी कुठल्या गावचा असेल तो असो, त्याच्या हातात दोन्हीकडचं पाणी होतं.

लढाईच्या चित्रांत घोडे, हत्ती, भाले यांची दाटी आहे. रामरायाच्या शिरच्छेदाचं पानही आहे आणि हुसेनशहा तिथं घोड्यावर आहे. उच्चेल्लोसारखंच इथंही लढाई ही जिंकणाऱ्याची आठवण आहे. तीन मित्र-सुलतान सोबत होते, पण पोथीचा नायक एकटा हुसेन. उच्चेल्लोनं गोंधळाला भूमितीत बसवलं, आमच्या चिताऱ्यानं तो सपाट, चटक रंगांच्या पट्ट्यांत बसवला. त्याच्याकडं खोली नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की त्याला ती नकोच होती. त्याच्या पानावर प्रत्येक माणूस पूर्ण दिसायला हवा होता, कुणी कुणाच्या आड लपून चालणार नव्हतं. ज्याची कीर्ती गायची त्याचा चेहरा झाकला जाता कामा नये, एवढा साधा त्याचा नियम.

आणि याच पोथीत एक चेहरा झाकलेला आहे.

हुसेनशहा सिंहासनावर, शेजारी राणी, अशी जी पानं आहेत त्यांत राणीची आकृती बुजवलेली आहे. दरबार जिथल्या तिथं आहे, राजा आहे, दासी आहेत, आणि राणीच्या जागी नुसता पुसट ठिपका. दोहदाचं पान तेवढं वाचलं असं अभ्यासकांनी नोंदवलंय. आमचा तर्क असा की तिथं ती राणी न दिसता काव्यातली एक नायिका दिसत असावी, म्हणून बोळा फिरवणाऱ्याचं तिकडं लक्ष गेलं नसेल. भारतीय चित्रपोथीत राजाशेजारी राणीला इतक्या मोकळेपणानं बसवणं तसं विरळा, आणि बसवलं तेव्हा असं झालं.

का झालं? लढाईनंतर पाच महिन्यांच्या आत, जून १५६५ मध्ये, हुसेन निजामशहा वारला. मुलगा मुर्तझा लहान, म्हणून कारभार खुंजा हुमायूंनं हाती घेतला. पोथी तिच्याच अमलात तयार झाली. तिनं आपल्या भावांना मोठ्या जागिरी दिल्या, जुने सरदार बिथरले. तेवढ्यात विजयाचे भागीदार एकमेकांच्या मुलखावर उठले. विजापूरचा सरदार किशवरखान निजामशाहीत घुसला आणि १५६७ मध्ये त्यानं एक किल्ला बांधला. तो आपला किल्ले धारूर, बरं का. जावयाच्या फौजेनं सासूच्या मुलखात बांधलेला किल्ला. चांदबीबीला तेव्हा काय वाटलं असेल, ते कुणा कवीनं लिहिलं नाही. शेवटी १५६९ मध्ये मुर्तझानं आईला कैद केलं आणि मग तो धारूरवर चालून आला. किशवरखान बाण लागून पडला, किल्ला निजामशाहीत आला आणि त्याचं नाव फतेहाबाद झालं. पोथीतली राणी बुजवली गेली ती तिच्या या पाडावानंतर, असं अभ्यासक मानतात.

आता आमचा मुद्दा. या पोथीतली लढाईची पानं धड आहेत. तिथं राणी नव्हतीच, म्हणून तिथं कुणी बोळा फिरवला नाही. फाटली, जखमी झाली ती लग्नाची, सिंहासनाची पानं. तालिकोटची लढाई खरी कशी संपली हे रणाच्या चित्रात दिसत नाही. तिथं ती विजयात संपते. ती पुढं घरात शिरली, भागीदारांत भांडण लावलं, धारूरची तटबंदी उभी केली, आई आणि मुलगा यांच्यामध्ये आली, हे दिसतं ते त्या बुजवलेल्या जागेत. म्हणून आम्ही म्हणतो की या पोथीतलं सर्वांत खरं लढाईचं चित्र हे राणीच्या जागचा तो डाग आहे.

मग दुरुस्तीचं काय? कुणी म्हणेल, आता विज्ञान आहे, तो डाग काढा, राणीला तिची जागा परत द्या. म्हणणं न्यायाचं वाटतं. आपणही बाईची बाजू घेणारी माणसं आहोत. डाग तसाच ठेवणं म्हणजे सत्तेचा हुकूम साडेचारशे वर्षांनी पाळत बसणं, असा आक्षेप कुणी घेतला तर तो उडवून लावण्यासारखा नाही.

इथं आपल्या न्याय-वैशेषिकांची मदत होते. त्यांनी अभाव हा एक स्वतंत्र पदार्थ मानला. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कळतं, तेव्हा नुसती जमीन दिसत नाही, घड्याचं नसणं दिसतं. अभावाला दोन गोष्टी लागतात. ज्या जागी तो आहे ती जागा, आणि ज्याचा तो अभाव आहे ती वस्तू, म्हणजे प्रतियोगी. घडा माहीतच नसेल तर त्याचं नसणं दिसणार नाही. पुढं त्यांनी अभावाचे प्रकार केले. घडा घडण्याआधीचा तो प्रागभाव. फुटल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव. याला सुरुवात आहे, शेवट नाही. फुटलेल्या घड्याच्या जागी कुंभारानं दुसरा घडा आणून ठेवला तर तो दुसराच घडा. पहिल्याचं फुटणं त्यानं मिटत नाही.

राणीचा डाग हा प्रध्वंसाभाव आहे. ज्या क्षणी तो झाला तो क्षण आता कुणाला परत घेता येणार नाही. खालचे रंग शाबूत नसतील आणि आपण नवी राणी रंगवली, तर ती आपल्या काळातली राणी होईल, आपल्याला आवडते तशी. उफ्फिझीतल्यांनी चांदी पुन्हा लावली नाही, त्याचं कारण हेच. खालचे रंग शाबूत असतील तर? तर अवरक्त किरणांनी छायाचित्र घेता येतं, कागदाला हातही न लावता खालच्या रेषा बघता येतात. ते छायाचित्र डागाच्या शेजारी ठेवा. बघणाऱ्याला राणीही दिसेल आणि तिला पुसणारा हातही. न्याय यातच आहे. नुसती राणी दाखवली तर पुसणारा सुटून जातो.

आणि त्या आक्षेपाला उत्तरही इथंच आहे. डाग केवळ तसाच ठेवला, त्याविषयी कुणी काही बोललं नाही, तर हुकूम पाळला गेला हे खरं. प्रतियोगी माहीत नसेल तर अभाव दिसत नाही, माणूस पान उलटून पुढं जातो. पण खुंजा हुमायूं हे नाव शेजारी लिहिलं, की तोच डाग पुसणाऱ्याविरुद्धची साक्ष होतो. संवर्धकानं कागद जपायचा आणि समीक्षकानं नाव घ्यायचं. दोघांपैकी एकानंही कामचुकारपणा केला तर चित्र मरतं.

एक शंका उरते. मग अजिंठ्याची लाख का काढायची? तीही इतिहासाचा थरच ना? आम्ही फरक असा करतो. लाख दिली ती दिसू नये म्हणून दिली. चित्र दिसावं हा तिचा हेतू. ती स्वतःच आडवी आली तेव्हा तिच्या हेतूनंच तिला दूर केलं. अर्थात तिची नोंद ठेवून. राणीवरचा रंग मात्र बोलतो, त्याला काही म्हणायचंय, वाईट का असेना. उच्चेल्लोचे जोडलेले कोपरेही बोलतात, की हे चित्र एका घरातून ओढून दुसऱ्या घरात बसवलं. तेव्हा थर काढण्याआधी त्याला विचारायचं, बाबा, तुला काही सांगायचंय की तू नुसताच साचलायस? आणखी एक विचारायचं, तुला काढलं तर परत ठेवता येईल का? येणार नसेल तर हात आखडायचा.

आपल्याकडं श्रद्धेचाही थर असतो. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदराचा लेप काढला आणि आतलं जुनं रूप दिसलं, तेव्हा किती जणांना आनंद झाला आणि किती जण गोंधळले. दोन्ही भावना खऱ्या. शेंदूर लावणारे हात पिढ्यान् पिढ्यांचे होते, आणि मूर्ती घडवणारे हातही कुणाचे तरी होतेच. अशा वेळी कुणी एका बाजूनं ‘खरं रूप’ असा शब्द फेकला की आम्ही सावध होतो. दोन्ही रूपं खरी आहेत. लेप काढताना त्याची छायाचित्रं, मोजमापं आणि थरांचा हिशेब राखला, तर एकाचा उद्धार करताना दुसऱ्याचा खून होत नाही.

तर आपल्या हाताशी काय आहे? धारूरचा तट आहे. त्याची डागडुजी व्हायलाच हवी, दगड ढासळत राहिले तर बोलायला काही उरणार नाही. पण ती करताना चुन्याच्या जागी सिमेंट थापून, सगळं एकसारखं गुळगुळीत करून, दारात ‘प्राचीन किल्ला’ अशी पाटी लावली, तर आपण किशवरखानही पुसला, मुर्तझाही पुसला आणि जिच्या अमलात तो किल्ला उभा राहिला ती राणीही दुसऱ्यांदा पुसली. त्या दारात दोन्ही नावं हवीत, धारूर आणि फतेहाबाद, आणि दोन्हींच्या मधली १५६७ ते १५६९ ही दोन वर्षं हवीत. कारण पुण्याच्या पोथीत जी लढाई कागदावर राहिली नाही, ती आपल्या जिल्ह्यात दगडात राहिलेली आहे.

एवढंच सांगायचं होतं.  प्रश्न असतील तर जरूर विचारा, आम्ही थांबलो आहोत.